पाहिलेलं आणि ऐकलेलं

(इथिओपियातला अफार मुलूख. वाटेवरची विहीर, शेजारी काटेरी बाभूळ. सावलीत म्हातारा यायो बसला आहे, त्याच्या शेळ्या पाण्यावर आहेत. वाटेने चालत आलेली मोमिना, वय चाळिशीचं, त्याच्यासमोर उभी आहे.)

यायो: पाणी प्यालीस ना? मग वाट ती तिकडे. उन्हं चढायच्या आत पोचशील.

मोमिना: दागू झाल्याशिवाय विहीर सोडायची नसते.

यायो: बायकांचा दागू बायकांशी. वस्तीत जा. तिथे कोणी ना कोणी बसलेलीच असेल, तिला सांग काय बातम्या सांगायच्यात त्या.

मोमिना: वस्तीत जाईन तेव्हा जाईन. विहिरीवर तुम्ही आहात. वाटेत जो भेटेल त्याला आपण काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. मग तो ओळखीचा असो, परका असो, नाहीतर रक्ताचा वैरी असो. दागूला नाही म्हणता येत नाही, अब्बा.

यायो: वाटेवरच्या माणसाला काका म्हणतात.

मोमिना: बरं. काका.

यायो: आणि हे सगळे नियम तुला शिकवले कोणी?

मोमिना: होता एक माणूस. मी लहानपणी शेळ्यांमागे जायचे. संध्याकाळी घरी आले की हा दारातच दागू मागायचा. पाणी नंतर. एकदा मी सांगितलं, तरसाने शेळी नेली. तर म्हणाला, तरस पाहिलंस? म्हटलं, नाही, पण शेळी दिसत नाहीये. तर म्हणाला, मग शेळी दिसत नाही एवढंच सांग. तरस कुठून आणलंस?

यायो: आणि शेळी?

मोमिना: अंधार पडायच्या आत आपली आपण परत आली.

यायो: शहाणा असावा तो माणूस.

मोमिना: हट्टीही होता.

यायो: बस मग. तिथे नको, काटे आहेत. इकडे सावलीला बस. पण ऐकून ठेव, बाई. मी वाटसराला दागू देतोय. त्यापलीकडे काही नाही.

मोमिना: त्यापलीकडे मी काही मागितलेलं नाही. अजून.

यायो: कुठून निघालीस?

मोमिना: सेमेराहून. कोरड्या नदीपर्यंत मोटारीने आले. ड्रायव्हर तिथेच थांबलाय, झाडाखाली झोपलाय. तिथून पायी.

यायो: झोपलाय? तुला इथून दिसतो?

मोमिना: नाही. मी निघाले तेव्हा चटई पसरत होता. पाहिलं ते एवढंच.

यायो: हं. शहरात राहून जीभ सैल होते. मोटार असताना पायी कशाला आलीस?

मोमिना: मोटारीतून उतरलं की लोक पाहुणा समजतात, दूध आणतात, गोड बोलतात. पायी येणाऱ्याशी खरं बोलतात.

यायो: पाऊस?

मोमिना: एक प्रश्न राहिला, काका.

यायो: कुठला?

मोमिना: पहिला. आधी विचारतात, तू कोणाची. मग कुठून आलीस. मग पाऊस.

यायो: म्हातारा झालो. प्रश्न मागेपुढे होतात. पाऊस सांग.

मोमिना: नदीच्या वरच्या अंगाला पडलाय. पडताना पाहिला नाही. वाळू ओली पाहिली, वाहून आलेला पाला पाहिला. डोंगराच्या पायथ्याला गवत आहे, तिथे मेंढ्या चरताना पाहिल्या. कोणाच्या ते माहीत नाही. सेमेराच्या बाजारात ऐकलं की पूर्वेला टोळ उतरलेत. सांगणारा दुकानदार होता, त्याने स्वतः पाहिले नव्हते.

यायो: म्हणजे ऐकलेल्याचं ऐकलेलं.

मोमिना: हो, तसंच धरा.

यायो: धरलं. आजार?

मोमिना: माणसांत ऐकला नाही. नदीकाठी एका उंटाला खरूज झालेली पाहिली, मालक डांबर लावत होता. माझं झालं. म्हणजे एक सोडून. ते शेवटी सांगते. आता तुमचं.

यायो: माझं काय असणार? उंटीण व्याली, मादी झाली. दूध बरं आहे. भाचा जावयाशी भांडला, वस्तीतल्या मोठ्यांनी मिटवलं. दक्षिणेकडच्या जुन्या विहिरीचं पाणी कोमट झालंय.

मोमिना: कधीपासून?

यायो: मागचा चंद्र सरला तेव्हापासून.

मोमिना: पाहिलंत की ऐकलंत?

यायो: हात घातला होता.

मोमिना: किती कोमट?

यायो: अंघोळीला चालेल. चहाला नाही.

मोमिना: वास येतो? अंड्यासारखा? शेळ्या पितात का?

यायो: शेळ्या नाक फिरवतात. उंट पितात, त्यांना काय. पण वाटसरू बाई, विहिरीच्या पाण्याच्या तुला एवढ्या चौकशा कशाला?

मोमिना: माझं कामच ते आहे.

यायो: पाण्यात हात घालायचा? त्याचा पगार देतात?

मोमिना: देतात. वेळेवर देत नाहीत, पण देतात. बरं, जुन्या विहिरीचं मी लक्षात ठेवते. परत जाताना बघून जाईन. तुमचं अजून काही?

यायो: एक आहे. हुमाद गेला.

मोमिना: ऐकलं होतं. अल्लाह त्याला चांगली जागा देवो.

यायो: मी पण ऐकलंच. पाहिलं नाही. लहानपणापासून आम्ही एका भांड्यातून दूध प्यालो. त्याची बहीण माझ्या घरात आली. ती लवकर गेली, तेव्हा माझ्याआधी तो रडला होता. आणि त्याला मातीत ठेवलं तेव्हा मी इथे शेळ्यांना पाणी पाजत होतो.

मोमिना: का गेला नाहीत?

यायो: ती जुनी गोष्ट आहे. दागूत जुनं सांगत नाहीत.

मोमिना: तुम्हाला आजही बोचतं, मग जुनं कसं?

यायो: ऐकायचं आहे तर ऐक, बाई. एक माणूस होता. त्याने दुसऱ्याच्या घरची मुलगी आणली. रीत अशी की तिची मुलगी मोठी झाली की परत तिच्या मामाच्या घरात द्यायची, मामाच्या मुलाला. शब्द दिलेला होता. मुलगी पाळण्यात होती तेव्हाच दिलेला. आणि लग्नाला एक पावसाळा राहिला असताना ही मुलगी उठली आणि शिकायला म्हणून शहरात निघून गेली. दगड शिकायला.

मोमिना: तिने आधी विचारलं होतं. पुन्हापुन्हा विचारलं होतं.

यायो: विचारलं होतं. खोटं नाही सांगणार. पण दगड कोणी शिकतं का? दगड इथे काय कमी आहेत? नजर जाईल तिथे दगडच आहेत.

मोमिना: मग त्या माणसाने काय केलं?

यायो: मेहुण्याच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, हुमाद, पोरीने शब्द मोडला. मी तिच्यावरून माझं नाव काढून घेतलं. आजपासून ती माझी नाही. जशी तुला राहिली नाही, तशी मलाही नाही. आणि उत्तराची वाट न बघता माघारी फिरला. त्यानंतर हा माणूस हुमादच्या विहिरीवर कधी गेला नाही. काय तोंड दाखवणार? लांबच्या वाटेने जायचा, शेळ्यांना तहानलेलं ठेवायचा, पण त्या विहिरीवर नाही.

मोमिना: मला वाटायचं, रागाने नाव काढलं.

यायो: रागाचं काय, राग दोन पावसाळ्यांत उतरतो. हुमादला कळायला हवं होतं की त्याचं एकट्याचं गेलेलं नाही. तुझं ते राहिलेलं सांग आता. शेळ्या निघायला लागल्या.

मोमिना: मला एक पदक मिळालंय.

यायो: उंटाच्या गळ्यात बांधतात तसलं?

मोमिना: त्याहून लहान. सोन्याचं. आरेनबर्ग पदक म्हणतात. उत्तरेला, बर्फाच्या देशात देतात. जमिनीचा, डोंगरांचा, समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारे जगभर जेवढे लोक आहेत, त्यांच्यात याहून मोठा मान नाही. काही वर्षांनी एकदा देतात, एकालाच.

यायो: आणि त्यांना दुसरं कोणी सापडलं नाही?

मोमिना: सापडले असते. पण त्यांच्याकडे गाब्बो डोंगर नव्हता.

यायो: गाब्बोचं काय? तिथली जमीन फाटली तेव्हा मी शेळ्या गमावल्या. आमची जमीन फाटते आणि तुला सोनं मिळतं.

मोमिना: खरं आहे. हे कोणीतरी बोलणार हे मला माहीत होतं. पण कसलं सोनं ते तरी ऐका. गाब्बोच्या पोटात वितळलेला दगड साठतो. सगळ्यांना वाटायचं, तो वर येतो, दूध उतू जातं तसा. तसं नाही. तो आडवा सरकतो, जमिनीखालून, वाट काढत. जिथे पोचतो तिथे जमीन फाटते. मला त्याची वाट शोधायची होती. यंत्रं होती थोडी आणि मुलूख केवढा, तुम्हाला माहीत आहे.

यायो: मग?

मोमिना: मग मी दागू घेतला. जमीन फाटली त्या वर्षी आणि नंतरही, वस्त्यावस्त्यांवर फिरले. कुठल्या विहिरीचं पाणी कोमट झालं? कुठे शेळ्या पुढे जाईनात? कुठे वाट खचली? आणि प्रत्येकाला एकच विचारलं. पाहिलंस की ऐकलंस? ऐकलं असेल तर कोणाच्या तोंडून? ऐकलेलं सगळं बाजूला ठेवलं. पाहिलेलं तेवढं नकाशावर मांडलं. एक रेघ आली, काका. गाब्बोपासून दक्षिणेकडे, अगदी सरळ. नंतर त्या रेघेवर यंत्रं पुरली, तेव्हा यंत्रांनीही तेच सांगितलं.

यायो: मी ऐकलं होतं की एक अफार बाई गोऱ्या लोकांना दागू विकते.

मोमिना: कोणी पाहिलं?

यायो: ऐकलेल्याचं ऐकलेलं.

मोमिना: मग तसंच राहू द्या. ज्याने ज्याने सांगितलं, त्याचं नाव मी छापलंय. त्याच्या बापाचं, आजाचं, कुळाचं. सुरुवातीला तिकडचे मोठे लोक हसले. म्हणाले, ही ऐकीव गोष्टींवर शास्त्र करते. मी म्हटलं, आमच्याकडे ऐकीव आणि पाहिलेलं एका पिशवीत घालत नाहीत. त्यांना ते पटायला फार वर्षं गेली. या वर्षी ती रेघ एका वस्तीकडे वळली. मी आधी निरोप धाडला, लोक जनावरं घेऊन बाजूला झाले, मग जमीन फाटली. एकही माणूस दगावला नाही. आणि हे पाहिलेलं आहे. मी तिथे उभी होते.

यायो: म्हणजे पदक दागूचं आहे.

मोमिना: अर्धं. उरलेलं माझ्या मानेचं आणि डोळ्यांचं. वीस वर्षं वाकून काम केलंय, तेवढं मी सोडणार नाही.

यायो: सोडू नकोस. कष्टाचं आहे.

मोमिना: म्हणून आले, काका. तिथे मोठ्या सभेत माणसाचं पूर्ण नाव पुकारतात. पदकावर कोरतात. मी आजपर्यंत मोमिना कादाफो असं लिहीत आले. माझं आणि एकदम आजोबांचं. मधलं गाळून.

यायो: कादाफो चांगलं नाव आहे. माझा बाप होता तो.

मोमिना: चांगलंच आहे. पण आपल्या देशातला कोणी ते नाव ऐकतो आणि विचारतो, कादाफो तुझे वडील का? मी म्हणते, आजोबा. मग विचारतो, वडील वारले का? मी सांगते, नाही, जिवंत आहेत, शेळ्या राखतात, विहिरीवर असतात. मग कोणी पुढे विचारत नाही, आणि मला फार वाईट वाटतं. त्या सभेत मला बोलायला लावणार आहेत. पाहिलंस की ऐकलंस, हे विचारायला कोणी शिकवलं ते मी सांगणार, आणि नाव घेता येणार नाही. परवा मी निघते. कोरणारे थांबलेत. मला मधलं नाव परत हवंय.

यायो: वाटसरू बाईला मी नाव कसं देऊ?

मोमिना: वाटसरूला नका देऊ.

यायो: हुमाद मातीत आहे. आता मी नाव परत दिलं, तर त्याच्या दारात उभा राहून जे बोललो ते काय होतं? तो मेला म्हणून मी मोकळा झालो, असं होईल. जिवंत होता तेव्हा शब्द पाळला आणि मेल्यावर मोडला. हे मला जमणार नाही.

मोमिना: मग माझी अजून एक बातमी आहे. दातोची मोठी मुलगी माझ्याकडे शिकते.

यायो: कुठला दातो?

मोमिना: हुमादमामाचा. ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं तो. स्वतः तिला घेऊन आला, सेमेराला. बायको पण बरोबर होती. दोघं माझ्या घरी जेवले. तो म्हणाला, तू गेलीस म्हणून मला ही मिळाली, आणि ती लाजली. आणि म्हणाला, तुझे मामा शेवटच्या वर्षात, शहरातून जो येईल त्याला विचारायचे, मोमिनाचं काही ऐकलंस का.

यायो: दातो म्हणाला?

मोमिना: दातो म्हणाला.

यायो: तू हुमादला विचारताना ऐकलं नाहीस.

मोमिना: नाही. दातोने ऐकलं. मी दातोकडून.

यायो: दातो भला मुलगा आहे. भली माणसं दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. एवढं मोठं असतं तर माझ्यापर्यंत आलं नसतं? या विहिरीवरून सगळा मुलूख जातो. कोणाच्या उंटाला काटा लागला तरी मला कळतं.

मोमिना: तुमच्यासमोर माझं नाव कोणी काढतं का?

यायो: नाही.

मोमिना: मग कसं येणार?

यायो: दागू झाला, बाई. ऊठ आता. ऊन चढलं.

मोमिना: नाव?

यायो: दागू झाला म्हटलं ना.

मोमिना: उठते. चिडले नाही मी. वाईट वाटलं, तेवढं फक्त दागूत धरा. हे ऐकलेलं नाही.

यायो: थांब. घंटा वाजतायत. उतबान असेल, मीठवाला. त्याचे उंट पुढे जाऊ देत, वाट अरुंद आहे.

मोमिना: असेल, की आहे?

यायो: उंट त्याचे आहेत. माणूस अजून दिसला नाही. बस खाली.

उतबान: यायो, अजून या बाभळीला टेकलेलाच आहेस का तू? मागच्या खेपेला सोडून गेलो तसाच्या तसा. मला वाटलं होतं, मुळं फुटली असतील एव्हाना.

यायो: ये. पाणी घे. एकटाच?

उतबान: एकटाच. पोरं म्हणतात, मीठ आता ट्रकने जातं, तू उंट घेऊन काय हिंडतोस. मी म्हणतो, ट्रकशी दागू कोण करणार? हॉर्न वाजवतो आणि धूळ अंगावर टाकून जातो. सलाम, बाई. यायो, ही कोण? ते नंतर सांग, आधी तुझा दागू दे, माझ्याकडे पण ढीगभर आहे.

यायो: माझा देतो. पण आधी एक विचारायचं आहे.

उतबान: उलटा क्रम? विचार.

यायो: हुमाद जिवंत होता तेव्हा तू त्याच्या विहिरीवरून जायचास.

उतबान: दर खेपेला. गोड पाणी आहे तिथलं. तू सोडून सगळेच जातात.

यायो: तो तुला काय विचारायचा?

उतबान: काय विचारणार? मिठाचा भाव. पाऊस. गवत. जे सगळे विचारतात तेच.

यायो: अजून?

उतबान: यायो, जाऊ दे ना. मेलेल्या माणसाचं कशाला?

यायो: मी दागू मागतोय, उतबान.

उतबान: तुझं मन दुखेल म्हणून कधी सांगितलं नाही. मीच नाही, कोणीच नाही. आमच्यात ठरल्यासारखंच होतं, यायोच्या विहिरीवर आलं की तेवढं वगळायचं. बरं, विचारतोसच तर सांगतो. तुझ्याबद्दल विचारायचा. यायोला पाहिलंस का, तब्येत कशी आहे, इकडे येतो का म्हणाला का. मी म्हणायचो, नाही. तो म्हणायचा, येईल. यायो तहानेपेक्षा जास्त हट्टी नाही.

यायो: आणि?

उतबान: आणि पोरीचं. शहराकडून आलास का, मोमिनाचं काही ऐकलंस का. मला काय ठाऊक असणार? मी मीठ नेतो. तरी दर खेपेला विचारायचा.

यायो: हे पाहिलंस की ऐकलंस?

उतबान: पाहिलंस काय विचारतोस? माझ्या तोंडासमोर बसून विचारायचा. उंट सोडायच्या आधी. यायोच्या मोमिनाचं काही कळलं का?

यायो: काय म्हणायचा?

उतबान: यायोची मोमिना. असंच म्हणायचा. मी एकदा म्हटलं, अरे, यायोने तर नाव काढून घेतलं. तर म्हणाला, ते माझ्यासाठी काढलंय त्याने. मी कधी मागितलं होतं? विहिरीवर आला की परत घ्यायला लावीन. यायो? अरे, काय झालं? बघ, म्हणूनच सांगत नव्हतो. बाई, त्याला जरा पाणी दे.

मोमिना: घ्या.

यायो: नको. मी बरा आहे. एका विहिरीचं अंतर होतं, उतबान. शेळ्या तहानलेल्या ठेवल्या मी.

उतबान: आता ते बोलून काय होणार? चल, दुसरं काहीतरी सांग. ही कोण ते सांग. कोणाची?

मोमिना: मी कादाफोंची—

यायो: दागू माझ्याकडे मागितलाय त्याने. मध्ये बोलू नकोस, पोरी.

मोमिना: बरं.

यायो: ऐक, उतबान. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस. ओल पाहिलेली आहे, पाऊस नाही. पाहिली हिने. पायथ्याला गवत आहे, तेही हिने पाहिलं. पूर्वेला टोळ, ते ऐकलेल्याचं ऐकलेलं, त्यावर उंट वळवू नकोस. दक्षिणेच्या जुन्या विहिरीचं पाणी कोमट झालंय, मी हात घालून पाहिलं. शेळ्या पीत नाहीत. त्या अंगाला रात्री मुक्काम करू नकोस. का ते हीच सांगेल, हिला त्यातलं कळतं.

उतबान: ऐकलं. आणि ही?

यायो: मोमिना.

उतबान: कुठली मोमिना?

यायो: यायोची. कादाफोच्या यायोची.

उतबान: आता कळलं, मघाशी ही का गप्प बसली होती. अल्लाह. आणि मी बसलोय हिच्यासमोर हिच्याच मामाच्या गोष्टी सांगत. हे पुढच्या विहिरीवर सांगू?

यायो: दागू आहे. एकदा दिला की अडवणारा मी कोण? हुमादच्या विहिरीवर आधी सांग. दातो असेल तिथे. सांग, यायो येतोय.

मोमिना: असेल, की आहे?

यायो: असेल. पण मी येतोय, ते नक्की आहे. मोटार कुठे आहे म्हणालीस, कोरड्या नदीत? वाटेत मला हुमादच्या विहिरीवर सोड. शेळ्या उतबान बघेल.

उतबान: मी? माझे उंट?

यायो: उंटांना कुठे घाई आहे? ट्रक नाहीत ते.

मोमिना: अब्बा.

यायो: काय?

मोमिना: काही नाही. नुसती हाक मारली.

उतबान: थांबा, थांबा. कोणीतरी मला म्हणालं होतं, कुठल्याशा मोठ्या देशात एका अफार बाईला सोन्याचं पदक देणार आहेत. ती हीच का? यायो, हे सांगायचं सोडून तू टोळांच्या गोष्टी काय सांगत बसलास?

यायो: पदकाचं मी नुसतं ऐकलंय. पोर माझी, ती पाहिली.